शिमीची धूळ आणि हामानाचे रुपे

शास्त्रपाठ : २ शमुवेल १६:५-१३, एस्तेर अध्याय ३, प्रेषितांची कृत्ये १९:२३-४१



सन २०२५ च्या आषाढातील एका रविवारी, उपासना आटोपल्यावर, आमच्या नाशिक जिल्ह्यातील एका खेड्याच्या मंडळीचे दोन वडील माझ्याजवळ येऊन बसले. एकाच्या हाती वर्तमानपत्राचे कात्रण होते, दुसऱ्याच्या हाती नातवाचा मोबाईल. कात्रणात सांगलीची बातमी होती. त्याच वर्षी जूनमध्ये तेथील एका सभेत बोलताना राज्यातील एका आमदारांनी, धर्मांतर करविणाऱ्या पाद्र्यास जो मारील त्यास रोख बक्षीस देण्याची भाषा केल्याचे ठिकठिकाणी छापून आले होते. मोबाईलमध्ये शेजारच्या गावच्या एका पोराने पाठविलेले चित्र होते. त्यात आपल्या प्रभूस वधस्तंभावर दाखवून त्याची हिडीस थट्टा केलेली होती. वडील मला म्हणाले, "पाळकसाहेब, ह्या दोहोंबद्दल आम्ही ठाण्यात फिर्याद देणार. कलम तेवढे कोणते लावावे ते सांगा."

मी त्यांस आठ दिवस थांबण्याची विनंती केली. दोन निरनिराळ्या गोष्टी त्यांनी एकाच दोरीने बांधून आणल्या होत्या, आणि ती गाठ सोडविल्यावाचून मला उत्तर देता येईना. पुढील रविवारी मंडळीपुढे जे बोललो तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहे. मोकळ्या राज्यात मनुष्याच्या जिभेस कायद्याचा लगाम असावा काय, आणि असावा तर कोठवर, हा प्रश्न आज मोठमोठ्या न्यायालयांपुढे आहे. तोच प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढेही येऊन उभा राहिला आहे.

प्रथम दावीद राजाचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पोटचा पुत्र अबशालोम उलटला आहे, राजा अनवाणी पायांनी यरुशलेम सोडून पळत आहे. वाटेत बहूरीम गावी शौलाच्या कुळातील शिमी नावाचा एक मनुष्य डोंगराच्या कडेकडेने चालत शिव्याशाप देतो, धोंडे मारतो, धूळ उधळतो. राजास तो खुनी म्हणतो, नीच म्हणतो. सरूवेचा पुत्र अबीशय ह्यास ते साहत नाही. आज्ञा द्यावी, मी पलीकडे जाऊन त्याचे शीर उडवितो, असे तो म्हणतो. परंतु दावीद त्यास आवरतो आणि म्हणतो की त्याला शापू द्या. कोणी सांगावे, परमेश्वरानेच त्यास हे बोलण्यास लाविले असेल.

ह्या उत्तरात नुसती सहनशीलता नाही. शिमीने जो शौलाच्या घराण्याच्या रक्ताचा आरोप केला तो खरा नव्हता. पण दावीदाच्या हातास रक्त मुळी लागलेच नव्हते काय? उरीयाचे रक्त कोणाच्या माथी होते? दरबारातील कोणीही तो शब्द उच्चारीत नव्हता. एक तोंडाळ, रागीट, बहुधा सूडबुद्धीचा मनुष्य धूळ उधळीत ओरडला, तेव्हा राजास आपले पाप आठवले असेल तर नवल नाही. आपली निंदा करणाऱ्याच्या तोंडून कधी कधी असे सत्य निघते की जे आपल्या स्तुतिपाठकांस ठाऊक असूनही ते बोलत नाहीत. (पुढे मरणसमयी ह्याच दावीदाने शलमोनास शिमीचा हिशेब चुकता करण्यास सांगितले, हेही शास्त्र लपवीत नाही. राजा अखेर मनुष्यच.)

आता दुसरे चित्र. शूशन राजवाड्यात अहश्वेरोश राजापुढे हामान उभा आहे. एस्तेरच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून त्याचे भाषण नीट वाचून पाहा. मी ह्या वेळी ते चार वेळा वाचले, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानी प्रथमच आली : हामानाच्या बोलण्यात एकही शिवी नाही. तो यहूदी लोकांचे नावदेखील घेत नाही. आपल्या राज्यात एक विखुरलेली जात आहे, तिचे रीतिरिवाज इतरांहून निराळे आहेत, ती राजाचे कायदे पाळीत नाही, तिला राहू देण्यात महाराजांचे हित नाही, असे तो अदबीने, एखाद्या कारभाऱ्याने अहवाल सादर करावा तसे सांगतो. आणि त्याला जोडून दहा हजार किक्कार रुपे मोजण्याची तयारी दाखवितो. मग लेखक बसतात, पत्रे लिहिली जातात, अंगठीची मोहोर उठते, आणि १२७ प्रांतांत जासूद धावतात की अदार महिन्याच्या तेराव्या दिवशी तरुण-वृद्ध, बायका-मुले सर्वांचा संहार करावा व त्यांची मालमत्ता लुटावी.

शिमी ओरडला, शिव्या दिल्या, धोंडे भिरकावले. राजाच्या डाव्या-उजव्या बाजूस शूर सैनिक असल्यामुळे कोणाचे घर जळाले नाही. हामान हळू बोलला आणि एका समाजाचा मृत्युलेख लिहिला गेला. म्हणून शब्द किती कडू आहे एवढे पाहून जो कायदा माप घेईल, तो शिमीस बेड्या घालील आणि हामानास मुजरा करील.

आपल्या देशाचे कायदे ह्या दोहोंस निरनिराळे ओळखतात काय? काही अंशी ओळखतात, काही अंशी नाही. मेकॉले साहेबाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला तेव्हाच त्याने असे धोरण धरले होते की प्रत्येकास आपापला धर्म पाळू द्यावा, पण दुसऱ्याच्या धर्माचा अपमान कोणास करू देऊ नये. १८६० च्या दंडसंहितेत ह्याच धोरणाचे २९८ वे कलम आले. १८९८ मध्ये १५३-अ हे कलम घालण्यात आले. समाजासमाजांत वैर पेटविणाऱ्यास ते लागू होते. १९२७ मध्ये लाहोरच्या एका पुस्तकावरून रण माजले. इस्लामच्या पैगंबरांविषयीच्या त्या पुस्तकाच्या प्रकाशकास उच्च न्यायालयाने १५३-अ खाली सोडून दिले, तेव्हा सरकारने २९५-अ हे नवे कलम केले : जाणूनबुजून व दुष्ट हेतूने कोणाच्या धर्माचा अपमान करणे हा गुन्हा. त्या समयी कायदेमंडळात बॅरिस्टर जिना यांनी बजावले होते की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यास ह्यातून संरक्षण राहिले पाहिजे. इतके करूनही १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली असून तीत हीच कलमे १९६, २९९ व ३०२ ह्या क्रमांकांनी नांदत आहेत.

ह्यांपैकी १९६ व्या कलमाची दृष्टी बहुतांशी हामानाकडे आहे. २९९ व्याची दृष्टी शिमीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुने २९५-अ उचलून धरले खरे, परंतु अजाणता किंवा सहज झालेला अपमान ह्यात येत नाही, दुष्ट हेतूने जाणूनबुजून केलेलाच येतो, अशी मर्यादाही सांगितली. न्यायमूर्तींनी घातलेली ही मर्यादा ठाण्यातील टेबलापर्यंत पोहोचेतो वाटेत पुष्कळ विरते. मनुष्यास धरून नेले, वर्तमानपत्रात नाव आले, वकिलापायी शेत गहाण पडले, आणि पाच-सात वर्षांनी तो सुटला, तर त्यास शिक्षा झाली नाही असे कोण म्हणेल?

भावना दुखावल्या हा शब्द मला भय घालतो, आणि त्याचे कारण आमच्या नाशकातच आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या पुढारीपणाखाली काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्रीपुरुष शांतपणे आले. दारे लावून घेण्यात आली. रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले. दारे लावणाऱ्यांपाशी मोठे हत्यार कोणते होते? हेच, की आमच्या धर्मभावना दुखावतात, आमची प्राचीन वहिवाट मोडते. आणि दुखावत असतीलही! ढोंग म्हणून ते उडवून लावता येत नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यात येवले मुक्कामी बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या एका वाक्याने किती अंतःकरणे दुखावली असतील! तरी ते वाक्य बोलले जाणे न्याय्य होते, हे आज कोण नाकारील? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली. तीत कोणाची भीड ठेविली नाही. महाराष्ट्रात अन्यायाविरुद्ध जो जो शब्द निघाला त्याने कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावल्याच. भावनांचे राज्य असते तर आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे पाणवठ्यापासून दूरच उभे राहिले असते.

फार लांब कशाला? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या एका कृत्याने नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्यांच्या सासरी काय आकांत झाला असेल त्याची कल्पना लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास येते. बाप्तिस्मा म्हणजे शिवी नव्हे. परंतु बापास, आईस, पत्नीस तो शिवीहून जास्त लागतो. दुसऱ्याचे मन दुखविणे एवढाच गुन्हा ठरविला, तर पहिल्या प्रथम तुमचा-माझा बाप्तिस्मा गुन्हा ठरेल.

आणि बंधूंनो, आपला प्रभू कोणत्या आरोपाखाली मरणास दिला गेला? पिलाताकडे नेताना राजद्रोहाचा आरोप केला; पण त्याआधी न्यायसभेत काय घडले? महायाजकाने आपली वस्त्रे फाडली आणि म्हटले की ह्याने दुर्भाषण केले, आता साक्षीदारांची गरज उरली नाही. वस्त्रे फाडणे म्हणजे भावना दुखावल्याची जाहीर खूणच होय. स्तेफनावरही मोशेविरुद्ध व पवित्र स्थानाविरुद्ध बोलल्याचाच आरोप होता. ज्या मंडळीचा प्रभू आणि जिचा पहिला हुतात्मा, दोघेही धर्मनिंदेच्या आरोपाखाली मारले गेले, तिने तेच हत्यार दुसऱ्यावर उगारावे काय?

दुर्दैवाने उगारले गेले आहे. २०१२ मध्ये मुंबईस विलेपार्ले येथील एका चर्चच्या आवारातील क्रूसावरून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची गर्दी लोटली. सनल एडामारुकू नामक बुद्धिवादी गृहस्थाने जाऊन पाहिले आणि तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढून ठिबकत आहे असे सांगितले, शिवाय धर्माधिकाऱ्यांवर टीकाही केली. आमच्या कॅथलिक बंधूंच्या काही संघटनांनी त्यांच्यावर २९५-अ खाली फिर्यादी दिल्या, आणि अटकेच्या भीतीने ते गृहस्थ देश सोडून फिनलंडास गेले. मी प्रॉटेस्टंट आहे म्हणून हे उगाळीत नाही. आमच्यापैकीही कित्येकांनी त्या वेळी मान डोलाविली. देवाच्या पुत्रास गटाराच्या पाण्याची साक्ष लागते काय, एवढा प्रश्न कोणी विचारला असता तर बरे झाले असते.

हिंदू समाजातही तेच. एका परदेशी पंडिताच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची व वस्तूंची नासधूस झाली. लेखकावर १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. तो टिकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरविले. त्या पुस्तकातील ज्या मजकुराने लोक संतापले तो माझ्याही मनास लागला. परंतु पुस्तकास उत्तर पुस्तकाने द्यावयाचे असते, कपाटे फोडून नव्हे.

मग जिभेस काहीच लगाम नको काय? असेही काही थोर लोक म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये असे ठरविले की तत्काळ दंगा व्हावा ह्या हेतूने आणि तसा होण्याचा संभव असेल अशाच चिथावणीस शिक्षा करता येईल. त्यात मोठे सत्य आहे. परंतु जर्मनीचा अनुभव विसरता येत नाही. न्यूरेंबर्ग शहरी यूलियस श्ट्राइखर नावाचा एक संपादक १९२३ पासून एक साप्ताहिक काढीत असे. यहूद्यांविषयी ओंगळ कथा आणि चित्रे हाच त्याचा माल. वर्षानुवर्षे त्याने लोकांचे मन असे नासविले की शेजारची माणसे गाडीत कोंबून नेली जाऊ लागली तेव्हा थोड्यांसच काही वाटले. युद्धानंतर न्यायाधीशांनी त्यास फाशी दिली, स्वहस्ते कोणास मारल्याचा आरोप नसताना. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फाशीच्या फळीवर चढताना त्याने पुरीम सणाचे नाव घेऊन आरोळी ठोकली असे नोंदलेले आहे. पुरीम म्हणजे एस्तेरच्या पुस्तकातील, हामानापासून सुटका झाल्याचा सण. त्या मनुष्यास आपण कोणत्या गोष्टीतले पात्र आहो हे ठाऊक होते!

त्यातही एक पोटगोष्ट आहे. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी जर्मनीत न्यायालये मोकळी होती, आणि त्या काळी ह्या संपादकास अशा लेखांबद्दल शिक्षाही झाली होती. तरी तो थांबला नाही. कायदा आवश्यक आहे. पुरेसा मात्र नाही.

शिमी कोणता आणि हामान कोणता हे नेहमीच सोपे नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच सिन्नर तालुक्यात एका धार्मिक प्रवचनात इस्लामच्या पैगंबरांविषयी जे उद्गार निघाले त्यांनी मुसलमान बंधू फार दुखावले. गावोगावी फिर्यादी झाल्या, रस्त्यांवर जमाव आले. वक्त्याचे नाव येथे घेत नाही. ती शिमीची धूळ होती की हामानाचे रुपे? माझे मत असे की ते शब्द धुळीच्या जातीचे होते. चौदाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या धर्मसंस्थापकाची निंदा म्हणजे आज अमक्यास मारा असे सांगणे नव्हे. उलट, निंदा करणाऱ्याचे शीर धडावेगळे करा अशा ज्या घोषणा आपल्या देशात अशा प्रसंगी ऐकू आल्या आहेत, त्या निखालस हामानाच्या. तथापि धूळ कोठे पडते हेही पाहावे लागते. दगडी रस्त्यावर पडलेली ठिणगी विझते, खळ्यातील कडब्यावर पडलेली विझत नाही. इंग्रज तत्त्ववेत्ता मिल याने १८५९ मध्ये धान्याच्या व्यापाऱ्याचा दाखला दिला होता; तो आपण आपल्या कांद्यास लावू. व्यापारी शेतकऱ्यास लुबाडतात असे वर्तमानपत्रात लिहिण्याची सर्वांस मोकळीक असावी. पण भाव कोसळल्या दिवशी, लासलगावी संतापलेल्या जमावासमोर, एका व्यापाऱ्याच्या दाराशी उभे राहून तेच वाक्य ओरडणे ही निराळी गोष्ट आहे. वाक्य एकच, कृत्ये दोन. न्यायाधीशाने शब्द पाहावा, बोलणारा कोण ते पाहावे, आणि समोर कोण उभा होता तेही पाहावे.

कायदा हामानापुरता असावा, शिमीवर नसावा, असे माझे मत बनले आहे. मारा, जाळा, हाकला, अमक्या समाजाच्या दुकानावर जाऊ नका, त्यांस वाळीत टाका, अशी हाक देणाऱ्यास राज्याने अवश्य धरावे. वाळीत टाकणे म्हणजे काय हे खेड्यातील ख्रिस्ती माणसास समजावून सांगावे लागत नाही, आणि त्याविरुद्ध २०१६ चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदाही आहे. ह्याने स्वातंत्र्य कमी होत नाही. ज्याच्या दारापुढे जमाव उभा आहे त्यास बोलण्याचे स्वातंत्र्य उरतेच कोठे? परंतु माझ्या देवाचा, माझ्या ग्रंथाचा, माझ्या पूर्वजाचा अपमान केला एवढ्यासाठी तुरुंग असू नये. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधने घालू दिली. सुव्यवस्था हे कारण त्यात १९५१ मध्ये घालण्यात आले. कोणाचे मन दुखू नये हे कारण त्यात कोठेही नाही.

आणखी एक गोष्ट कित्येकांस ठाऊक नसते. ह्या कलमांखाली खटला चालण्यास सरकारची पूर्वसंमती लागते. म्हणजे पेटीची किल्ली राज्यकर्त्याच्या कमरेला. एकाचे भाषण गुन्हा ठरवावयाचे आणि दुसऱ्याचे कानाआड करावयाचे, हे त्याच्या हाती राहते; आणि राज्यकर्ता कोणत्याही पक्षाचा असो, आपला माणूस त्यास हामान दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काही राज्यांस, व एप्रिल २०२३ मध्ये सर्वच राज्यांस आज्ञा केली की द्वेषाच्या भाषणाबद्दल, बोलणारा कोणत्याही धर्माचा असो, फिर्यादीची वाट न पाहता पोलिसांनी आपण होऊन गुन्हा नोंदवावा. आज्ञा उत्तम आहे. पण ज्याचे मत अल्प, त्याने भावनांच्या कायद्यावर फार भरवसा ठेवू नये; पेटी उघडते तेव्हा ती बहुधा दुबळ्यावरच उघडते.

आता आपले घर. १८३२ पासून नाशकात मिशनचे काम चालू आहे. त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी मोरभट दांडेकर यांस उत्तर म्हणून हिंदू धर्माचे खंडन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पिढीच्या उपदेशकांची निष्ठा आणि कष्ट यांपुढे मी मस्तक नमवितो. पण घाटांवर आणि बाजारांत मूर्तीविषयी, पुराणांविषयी जी भाषा त्यांच्यापैकी कित्येकांनी वापरली ती शिमीचीच होती. लोकांनीही तिला शब्दांनीच उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी उभे राहिले आणि त्यांनी मिशनऱ्यांशी उघडा वाद घातला. तसा वाद आज एखाद्या खेड्याच्या चावडीपुढे झाला तर पहिल्या तासातच पाच फिर्यादी होतील.

तो जुना सूर टिळकांनी बदलला. ज्यांस जिंकावयाचे त्यांच्या आईबापांस नावे ठेवून जिंकता येत नाही, हे त्यांस कळले. आपल्या प्रार्थनासभांत मात्र तो पुरता बदललेला नाही. भोंगा लावून शेजाऱ्याच्या देवास सैतान म्हणणारे उपदेशक मी ऐकले आहेत. कायदा त्यांस धरो वा न धरो, मी त्यांस माझ्या व्यासपीठावर उभे राहू देत नाही.

आता इफिसास जाऊ. देमेत्रिय सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करून विकीत असे. पौलाच्या उपदेशाने गिऱ्हाईक कमी झाले, तेव्हा त्याने कारागीर जमविले. त्याच्या भाषणाचा क्रम पाहा : आधी धंदा बुडतो हे दुःख, मग देवीचा मान जातो हे दुःख. मग नाट्यगृहात जमाव, दोन तास एकच आरोळी, आणि पुष्कळांस आपण कशासाठी जमलो हेही ठाऊक नाही! लूक किती शांतपणे हे लिहून ठेवतो. शेवटी शहराचा शिरस्तेदार उठतो. तो ख्रिस्ती नव्हे, देवीचा भक्त. तो म्हणतो की ह्या मनुष्यांनी देऊळ लुटले नाही, देवीची निंदा केली नाही; देमेत्रियाचे काही गाऱ्हाणे असेल तर न्यायसभा भरतात, सुभेदार आहेत, तेथे जावे; नाही तर ह्या दंगलीचा जाब आपणांसच द्यावा लागेल.

पौल इफिसात दोन वर्षांहून अधिक काळ उपदेश करीत होता. हाताने केलेले देव ते देव नव्हेत, असे तो शिकवितो हा तर देमेत्रियाचाच आरोप होता. त्याने सत्य गिळले नव्हते. असे असून देवीच्या भक्तानेच भर सभेत साक्ष दिली की ह्याने आमच्या देवीची निंदा केली नाही. उद्या आपल्या गावचा पाटील वा सरपंच आपल्या मंडळीविषयी अशी साक्ष देईल काय? मी माझ्या मंडळ्या डोळ्यांपुढे आणून हा प्रश्न स्वतःस विचारला. दोन गावांविषयी होय म्हणता आले, बाकीच्यांविषयी मौन धरावे लागले.

उपासनेनंतर दोन्ही वडील पुन्हा बसले. सांगलीच्या भाषणाविषयी अर्ज लिहावयाचे ठरले. मुंबईस आझाद मैदानावर जुलैमध्ये ख्रिस्ती लोकांनी निषेध केला होता. खेड्यातील मंडळीने आपल्या सहीनेही तो नोंदवावा हे योग्यच. अर्जात आमच्या भावना दुखावल्या हे वाक्य प्रथम आले होते, ते खोडले. धर्मगुरूंस मारण्यास बक्षीस लावण्याची भाषा झाली व त्यापासून आमच्या जिवास धोका आहे, एवढेच ठेविले. ज्या तरुण विवाहितेच्या मृत्यूवरून सांगलीत लोक खवळले तिच्या मृत्यूची निःपक्षपाती चौकशी व्हावी, आणि त्यात कोणी ख्रिस्ती म्हणविणारा दोषी निघाल्यास त्यास शिक्षा व्हावी, हेही एका वाक्यात लिहिले. त्या वाक्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ते राहिले. अशीच भाषा इतर कोणत्याही समाजाविरुद्ध झाल्यास आम्ही साक्ष देऊ, असे आणखी एक वाक्य धाकट्या वडिलांनी आपण होऊन सुचविले. अकरा सह्या झाल्या, तीन अंगठे. ठाण्यातून पोच मिळाली.

चित्राविषयी अर्ज केला नाही. थोरले वडील म्हणाले, "त्या पोराचा आजा आणि मी एका नांगराला बैल जुंपलेले आहेत. त्याला पोलीस कशाला?" नातवाकडून त्यांनी ते चित्र पुसविले. श्रावण सरला, बैलपोळा आला. सायंकाळी तो आजा शिंगे रंगविलेली जोडी घेऊन ह्यांच्या दारी आला. कासरा त्या पोराच्या हाती होता. वडिलांच्या घरच्यांनी बैलांच्या पायांवर पाणी घातले, पोराच्या हातावर गूळ ठेविला. चित्राचा विषय कोणीही काढला नाही.